टाकलेलं काळीज

आखाडातला शेवटचा बाजार होता. पुढच्या आठवड्यात श्रावण लागणार, म्हणून माणदेशातल्या त्या आठवडी बाजारात मटणाच्या शेडपुढे सकाळपासून रांग लागलेली. मी मागच्या बाजूला उभी होते, जिथं सोलणं आणि साफ करणं चालतं. एका म्हाताऱ्या मेंढीचं पोट नुकतंच उघडलेलं होतं. तिचं वेत संपलं होतं, लोकरीला भाव नव्हता, म्हणून मालकानं ती विकून टाकलेली. खाटकानं काळीज बाहेर काढलं, हातावर फिरवून पाहिलं आणि थांबला. कडेला लिंबाएवढा पांढुरका फोड होता, पाण्यानं टरारलेला. सुरीच्या टोकानं त्यानं फोडासकट तेवढा तुकडा काढला, उरलेलं काळीज पाटीत ठेवलं आणि तुकडा मागं भिरकावला. तिथं ताटकळत बसलेल्या कुत्र्यांपैकी एकानं तो खाली पडायच्या आतच पकडला.

"पाण्याचा फोड," खाटीक म्हणाला. "म्हाताऱ्या जनावरात निघतो कवातरी. गिऱ्हाइकाला कसा द्यायचा?"

गिऱ्हाइकाशी तो प्रामाणिक वागला होता. खराब भाग त्यानं विकला नाही, लपवला नाही. टाकलेलं वाया जाऊ नये, मुक्या जनावराच्या तोंडी लागावं, हीही आपल्याकडची जुनी रीत आहे. पण त्या तुकड्यात एका जंताची हजारो पिल्लं होती आणि त्यांना जिथं पोचायचं होतं तिथं ती पोचली.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'सहवास' हा विषय दिला, तेव्हा माणूस, कुत्रा आणि मेंढी यांच्या सहवासावर लिहायचं मी ठरवलं. माणदेशातले मेंढपाळांचे वाडे, खाटकाचं दुकान, सरकारी रुग्णालय आणि पशुवैद्यकीय दवाखाना अशी फिरत राहिले. या तिघांच्या सोबतीवर एक चौथा जीव हजारो वर्षं जगत आला आहे. त्याची वाट तोडायला फार मोठं विज्ञान लागत नाही. पण ती जिथं तुटू शकते तिथं जाऊन कुणी काही सांगितलेलंच नाही, असं मला सगळीकडे दिसलं.

सुरी कुणाच्या हातात

त्या फोडाला डॉक्टर 'हायडॅटिड सिस्ट' म्हणतात. ही पट्टकृमींच्या कुळातल्या एका जंताची अर्भकावस्था. जंताचं नाव एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस. पट्टकृमी म्हटलं की हातभर लांबीची फीत डोळ्यांपुढे येते. हा पूर्ण वाढला तरी दोन ते सात मिलिमीटर, म्हणजे बहुधा तांदळाच्या दाण्याहूनही लहान. एक डोकं आणि मागं तीन-चार खंड, एवढंच त्याचं शरीर. राहतो कुत्र्याच्या लहान आतड्यात, लांडग्यातही राहतो. एका कुत्र्यात असे हजारो जंत असू शकतात आणि तरी कुत्रं खंगत नाही, सुस्तावत नाही, मालकाला कसलीच शंका येत नाही.

जंताचा शेवटचा खंड पिकला की त्यात शेकड्यांनी अंडी असतात. ती विष्ठेतून बाहेर पडतात आणि बाहेर पडल्या क्षणापासून दुसऱ्याच्या पोटात रुजायला तयार असतात. डोळ्यांना दिसत नाहीत. कुत्रं अंग चाटतं तेव्हा ती केसांना चिकटतात, तोंडाला लागतात. पावसाच्या पाण्याबरोबर गवतात, ओढ्यात, भाजीच्या वाफ्यात उतरतात. कडक उन्हात आणि कोरड्या मातीत ती लवकर मरतात, पण ओलसर, गार सावलीत महिनोन्‌महिने टिकून राहतात. फिनाइलसारख्या नेहमीच्या जंतुनाशकांना ती दाद देत नाहीत. उष्णतेनं मात्र मरतात.

चरताना मेंढीनं, शेळीनं, गाईनं किंवा म्हशीनं ते अंडं गिळलं की पोटात ते फुटतं. आतली अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते आणि रक्ताबरोबर पहिल्यांदा काळजात, म्हणजे यकृतात येते. तिथं अडकली नाही तर फुफ्फुसात. जिथं थांबते तिथं ती स्वतःभोवती पिशवी बांधते, पिशवीत नितळ पाणी भरतं आणि आतल्या अस्तरावर बारीक बारीक डोकी धरायला लागतात. यातलं प्रत्येक डोकं कुत्र्याच्या पोटात गेलं तर एक जंत होऊ शकतं. मेंढीच्या पोटात ते काहीच करू शकत नाही. ती डोकी तशीच थांबून राहतात, कधी कधी मेंढीच्या सगळ्या आयुष्यभर. कुत्र्यानं ती पिशवी खाल्ली की सुमारे दीड महिन्यात त्याच्या विष्ठेतून नवी अंडी पडायला लागतात.

आता यात माणूस कुठं येतो ते पाहा. आपण अंडं गिळलं तर आपल्याही यकृतात तशीच पिशवी वाढते. आपलं यकृत कुत्र्याच्या तोंडी जात नाही, त्यामुळे जंताच्या दृष्टीनं आपल्यात शिरणं फुकट. पण मेंढीपासून कुत्र्यापर्यंतचा रस्ता माणसानंच करून दिलेला असतो. राखणीचं कुत्रं स्वतः मेंढी मारून तिचं काळीज काढत नाही. पोट उघडणारी सुरी माणसाच्या हातात असते आणि तुकडा टाकणारा हातही त्याचाच.

पिशवी वाढायला वेळ लागतो, म्हणून जनावराचं वय महत्त्वाचं. वर्षभराच्या आत कापलेल्या बोकडात पिकलेली पिशवी क्वचितच मिळते. म्हाताऱ्या मेंढीत, काम संपलेल्या म्हशीत ती मिळते. भारतातल्या जनावरांमधल्या जंतांचे वाण तपासले गेले तेव्हा, महाराष्ट्रातल्या नमुन्यांसह, म्हशीच्या नावानं ओळखला जाणारा वाण ठळकपणे पुढे आला. या रोगानं देशाचं वर्षाला किती नुकसान होतं, याचा अंदाज २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. तो सुमारे १,१४७ कोटी रुपयांचा आहे आणि त्यातला फार मोठा वाटा गाई-म्हशींचा. मेंढपाळांचा रोग म्हणून जगभर ओळखला जाणारा हा आजार आपल्याकडे गोठ्यातही तितकाच मुरला आहे.

माळकरी घरातली गाठ

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयात मला चाळिशीतल्या एक बाई भेटल्या. उजव्या बरगडीखाली दोन वर्षं दुखत होतं. पित्त म्हणून गोळ्या झाल्या, वात म्हणून काढे झाले. शेवटी सोनोग्राफीत यकृतात नऊ सेंटिमीटरची गाठ दिसली. डॉक्टरांनी त्यांना कारण समजावून सांगितलं तेव्हा त्या गाठीपेक्षा कारणानंच जास्त हादरल्या.

"आम्ही माळकरी," गळ्यातली तुळशीची माळ दाखवत त्या मला म्हणाल्या. "घरात अंडंसुद्धा येत नाही. मग बकऱ्याचा रोग मला कसा?"

हा प्रश्न त्यांच्या सासूनं, जावेनं, शेजारणींनीही विचारला होता, आणि त्यामागं एक बोचणी होती: हिनं लपून काही खाल्लं की काय. म्हणून इथं अगदी स्पष्ट सांगायला हवं. हायडॅटिड मटण खाऊन होत नाही. फोड असलेलं काळीज माणसानं खाल्लं तरी त्यातून त्याला ही गाठ होत नाही. गाठ होते ती कुत्र्याच्या विष्ठेतलं अंडं पोटात गेल्यानं. न धुतलेल्या कोथिंबिरीतून, विहिरीच्या पाण्यातून, कुत्र्याला कुरवाळून तसाच तोंडाला लागलेल्या हातातून. शाकाहारी आणि मांसाहारी असा भेद त्या अंड्याला नाही. बाईंच्या मळ्यात राखणीला कुत्रं होतं, त्याला भाकरी घालण्याचं काम त्यांच्याकडेच होतं. अंडं त्याच कुत्र्याकडून आलं का, केव्हा आलं, हे कुणीच सांगू शकणार नाही. गाठ इतकी सावकाश वाढते की ते अंडं दहा वर्षांपूर्वी, आधीच्या एखाद्या कुत्र्याकडूनही आलेलं असू शकतं.

दहांपैकी सात रुग्णांत गाठ यकृतात असते, दोघांत फुफ्फुसात आणि बाकीच्यांत कुठंही: मूत्रपिंडात, हाडात, मेंदूत, हृदयातसुद्धा. तिची भीती दोन प्रकारची. वाढून वाढून ती शेजारच्या अवयवावर, पित्तनळीवर दाब देते. आणि मार लागून किंवा आपोआप फुटली तर आतल्या पाण्यानं अंगावर गांधी उठतात, रक्तदाब कोसळतो, काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. त्यातून वाचलं तरी ती बारीक डोकी पोटभर विखुरतात आणि प्रत्येकाची नवी गाठ होऊ शकते.

शस्त्रक्रियेच्या वेळी बाईंच्या परवानगीनं मला भिंतीजवळ उभं राहू दिलं. इतकी सावधगिरी मी दुसऱ्या कुठल्या कामात पाहिलेली नाही. पोट उघडल्यावर सर्जननी गाठीला हात लावायच्या आधी तिच्याभोवती मिठाच्या तीव्र द्रावणात भिजवलेल्या पट्ट्या रचल्या. चुकून थेंब सांडला तर त्यातली डोकी तिथंच मरावीत म्हणून. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ॲड्रिनॅलिन भरून जवळ ठेवलं होतं. मग सुईनं आतलं पाणी ओढून घेतलं. ते इतकं स्वच्छ होतं की त्यात काही वाईट असेल असं वाटू नये. त्यानंतर पिशवीचं आतलं पांढरं पटल चिमट्यानं अलगद बाहेर आलं, सलग. सर्जन तोवर एक शब्द बोलले नव्हते.

प्रत्येक गाठीला सुरी लागतेच असं नाही. सोनोग्राफीत गाठ कशी दिसते त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानं तिच्या पाच अवस्था ठरवल्या आहेत. आत नुसतं पाणी असलेली लहान गाठ काही महिने अल्बेंडाझोल देऊन आवरता येते. काही गाठींत सोनोग्राफीवर पाहत सुई घालून पाणी काढतात, जंत मारणारं द्रावण सोडतात आणि तेही परत ओढून घेतात. पटल सुटून पाण्यावर तरंगताना दिसतं, त्या दिसण्याला वैद्यकात कमळाचं नाव आहे. आणि ज्या गाठी आतून घट्ट होऊन कॅल्शियम धरतात, त्या जंताच्या दृष्टीनं संपलेल्या असतात. त्यांना हात न लावता वर्षानुवर्षं लक्ष ठेवायचं. रुग्णाला हे पटवणं सर्जनला सगळ्यांत जड जातं. पोटात गाठ आहे आणि डॉक्टर काढत नाहीत, म्हणून माणसं दुसऱ्या दवाखान्यात जातात आणि नको असलेली शस्त्रक्रिया करून घेतात.

जगात कुठल्याही वेळी दहा लाखांहून अधिक माणसं या कुळातल्या जंतांचा आजार अंगात घेऊन जगत असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातल्या या बाई एक. त्यांच्या कागदावर निदान लिहिलं गेलं, त्या बऱ्या होऊन घरी गेल्या. त्यांच्या गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला मात्र त्यातलं काही कळलं नाही. मळ्यातलं कुत्रं, शेजारच्या वस्तीवरची कुत्री, घरातली मुलं यांची कुणी विचारपूस केली नाही. सर्जनकडे गाठ येते, तालुक्याच्या पशुवैद्याकडे मेंढी येते, आणि कुत्रं कुणाकडेच येत नाही.

मेंढराला औषध, कुत्र्याला भाकर

भादव्यात माणमधल्या एका माळावर धनगरांचं बिऱ्हाड बसलं होतं. पावसाळ्याला ही माणसं माघारी मुलखात येतात आणि दसरा झाला की मेंढरं घेऊन पुन्हा वाट धरतात. जाळ्याची वाघर लावलेली, आत मेंढरं, बाहेर दोन घोड्या, आणि वाघरीच्या कडेनं पसरलेली कुत्री. लांडग्याच्या मुलखात कुत्र्याशिवाय वाडा रात्र काढू शकत नाही. अनोळखी माणसाला ती जवळ येऊ देत नाहीत, आणि लेकरं मात्र त्यांच्या अंगावर लोळत असतात.

वाड्याचे मेंढके साठीचे. मेंढरांच्या आरोग्याचं त्यांचं ज्ञान पाहून मी ऐकत राहिले. आंत्रविषाराची लस पावसाआधी, देवीची कधी, पीपीआरची कधी, जंताचं औषध पाऊस लागल्यावर आणि पुन्हा पाऊस उघडल्यावर. कुठल्या गवतावर कोकरं फुगतात, कुठल्या तळ्याचं पाणी टाळायचं, सगळं तोंडपाठ.

"आणि कुत्र्यांना जंताचं औषध?"

"कुत्र्याला कशाला औशिद? त्येला भाकर आन ताक," ते म्हणाले. मग जरा थांबून, "मेंढराचं उरलं तर कवा घालतो भाकरीत."

मेंढरांसाठी आणलेलं औषध अनेकदा आयव्हरमेक्टिन असतं. ते गोल जंतांवर आणि गोचिडांवर चालतं, पट्टकृमींवर नाही. कुत्र्याच्या आतड्यातल्या या जंताला मारतं ते प्राझिक्वांटेल. किलोमागं पाच मिलिग्रॅमचा एक डोस पुरतो. १९७० च्या दशकात निघालेलं हे औषध आज तालुक्याच्या गावातल्या औषध दुकानात गोळ्यांच्या पाकिटात मिळतं आणि ते बहुतेक घरात पाळलेल्या लॅब्राडोरसाठी विकलं जातं.

हायडॅटिडबद्दल मी सांगत होते तेव्हा मेंढके ऐकून घेत होते, पण त्यांचं लक्ष लागत नव्हतं. फोड त्यांनी पाहिले होते. त्यानं मेंढी मरत नाही, तिचं वजन फारसं घटलेलं दिसत नाही, बाजारात तिचा दर तोच. मग त्यासाठी कशाला धावायचं? माझ्याबरोबर आलेल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांनी तेव्हा वेगळाच प्रश्न विचारला. मेंढरू मान एका बाजूला टाकून गोल गोल फिरतं, तसं यंदा किती झालं?

मेंढके एकदम सावरून बसले. तशी गेल्या साली पाच मेंढरं गेली होती, सगळी तरणी. "गरगर फिरतंय, दिसत न्हाय त्येला, मग खात न्हाय. औशिद लागू पडत न्हाय."

"मेल्यावर डोकं काय करता?"

"टाकतो वड्याला. कुत्री फोडत्यात."

हाही कुत्र्याचाच पट्टकृमी, दुसऱ्या जातीचा. याची पिशवी मेंढीच्या मेंदूत वाढते. गरगरून मेलेल्या मेंढीचं डोकं कुत्र्यानं फोडून खाल्लं की त्याच्या पोटात जंत होतो, त्याची अंडी माळावरच्या गवतावर पडतात आणि पुढच्या साली आणखी तरणी मेंढरं गरगरतात. अधिकाऱ्यांनी हे सांगितलं तेव्हा मेंढके बराच वेळ बोलले नाहीत. पाच मेंढरांचा हिशेब त्यांना कुणी मांडून दाखवायची गरज नव्हती. आणि दोन्ही जंतांवर गोळी एकच.

हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. माणसाच्या आरोग्याचा उपदेश घेऊन वाड्यावर गेलं तर वाडा पाहुणचार करतो आणि विसरून जातो. मेंढराच्या नुकसानीतून गेलं की तीच गोष्ट त्यांची स्वतःची होते, आणि मेंढरासाठी कुत्र्याला दिलेल्या गोळीनं त्याच्या अंगावर लोळणारं लेकरूही वाचतं.

गिधाडं गेल्यावर

कत्तलखान्यात किंवा दुकानात कापलं जाणारं जनावर निदान कुणाच्या तरी नजरेखालून जातं. गोठ्यात मरणाऱ्या म्हशीचं, बैलाचं तसं नाही. पूर्वी मेलेलं जनावर ओढून नेण्याचं, फाडण्याचं काम गावगाड्यानं महारांवर लादलं होतं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडण्याचं आवाहन केलं आणि पुढं हे काम नाकारणं हा माणूसपणाच्या लढ्याचा भाग झाला. ते नाकारणं पूर्णपणे न्यायाचं होतं. पण ज्या गावांनी शतकानुशतकं ही सेवा फुकट वापरली, त्यांनी नंतर मेलेल्या जनावराची दुसरी कुठलीही व्यवस्था उभी केली नाही. आजही बहुतेक गावांत ट्रॅक्टरला दोर बांधून जनावर ओढ्याकाठी नेऊन टाकतात.

तिथं एके काळी गिधाडं उतरत आणि थोड्या वेळात हाडं उघडी पडत. गिधाडाच्या पोटात हा जंत वाढत नाही, त्यामुळे गिधाडानं खाल्लेलं यकृत म्हणजे जंताची वाट बंद. १९९० च्या दशकात गिधाडं झपाट्यानं मरू लागली. जनावरांना दुखण्यासाठी दिलं जाणारं डायक्लोफेनॅक मृतदेहातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झालं. २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारात एखादं उरलं होतं.

रिकामी झालेली ती जागा कुत्र्यांनी घेतली. २०१९ च्या पशुगणनेत देशात दीड कोटींहून अधिक भटकी कुत्री मोजली गेली. ओढ्याकाठी टाकलेल्या म्हशीभोवती आज त्यांचीच टोळी असते, आणि म्हातारी म्हैस म्हणजे पिकलेल्या पिशव्यांची शक्यता सर्वाधिक. गिधाडांच्या हानीबद्दल आपण रेबीजच्या संदर्भात बोलतो. या जंताच्या संदर्भात तिच्याबद्दल बोललंच जात नाही, आणि माझ्या मते दोन्हींना सारखंच वजन द्यायला हवं.

कोबीचं काय?

या विषयावर बोलताना प्रत्येक घरात मला कुणी ना कुणी विचारलंच: म्हणजे तो कोबीतला किडा का, मेंदूत जाणारा? तो वेगळा. डुकराच्या पट्टकृमीचा. त्यात कुत्र्याच्या जागी माणूस असतो. जंत माणसाच्या आतड्यात आणि पिशव्या डुकराच्या मांसात. उघड्यावरची माणसाची विष्ठा डुकरानं खाल्ली की चक्र पुरं होतं. जंत बाळगणाऱ्या माणसाच्या विष्ठेतली अंडी हाताला, पाण्याला, भाजीला लागून दुसऱ्याच्या पोटात गेली तर त्या दुसऱ्याच्या मेंदूत बारीक गाठी होतात आणि एक दिवस फेफरं येतं. भारतात मोठ्या वयात सुरू होणाऱ्या फेफऱ्याचं हे एक प्रमुख कारण आहे. कोबीत तो किडा जन्मत नाही. कोबीवर तो माणसाकडूनच येतो. संडास, डुकरं कोंडून पाळणं आणि हात धुणं हे त्यावरचे उपाय आहेत, भाजी सोडणं नव्हे.

एक पुस्तिका आणि सुपारी

हायडॅटिड हटवून दाखवलेले देश आहेत. एकोणिसाव्या शतकात आइसलँड हा जगातला सगळ्यांत जास्त ग्रासलेला देश असावा. १८६३ मध्ये हाराल्ड क्राबे हे डॅनिश संशोधक तिथं गेले, त्यांनी शंभर कुत्री चिरून तपासली आणि अठ्ठावीस कुत्र्यांत हा जंत सापडला. जंत कुठून येतो, कापलेल्या मेंढीचे फोड का पुरायचे किंवा जाळायचे, हे त्यांनी साध्या भाषेत लिहिलं. ती छोटी पुस्तिका सरकारनं घरोघर फुकट वाटली. कायदे नंतर आले. आधी वाचन झालं. लांबलचक हिवाळ्यात शेतघरांमधून मोठ्यानं वाचन करण्याची तिथली चाल होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथं हा आजार जवळजवळ संपला.

न्यूझीलंडनं १९५९ मध्ये कायदा केला. कच्चं काळीज-फुफ्फुस कुत्र्याला घालायला बंदी आणि प्रत्येक कुत्र्याला नियमित औषध. प्राझिक्वांटेल तेव्हा नव्हतं. वापरलं जाई ते अरेकोलिन, म्हणजे आपल्या सुपारीत असलेलं द्रव्य. त्यानं कुत्र्याला जोराचे जुलाब होत आणि बाहेर पडलेल्या मळात जंत आहेत का ते तपासता येई. जंत निघाले की मालकापुढेच ते दाखवता येत. मला वाटतं, औषधापेक्षा त्या दाखवण्याचा परिणाम जास्त झाला असेल. २००२ मध्ये न्यूझीलंडनं आपण या रोगापासून तूर्त मुक्त असल्याचं जाहीर केलं.

ही दोन्ही बेटं. कुत्री मालकीची, मेंढ्या मोजलेल्या, सीमा समुद्राची. आपल्याला त्यांची नक्कल करता येणार नाही, आणि कुत्री मारून टाकण्याचा मार्ग मला अन्यायाचाही वाटतो आणि निरुपयोगीही. एका टोळीची जागा दुसरी घेते आणि मांसाचा ढीग तिथंच असतो. आपल्याला जवळचा वाटावा असा नमुना अर्जेंटिनातल्या रिओ नेग्रो प्रांताचा आहे. १९८० पासून तिथले आरोग्य कर्मचारी गरीब मेंढपाळांच्या वस्त्यांवर जाऊन कुत्र्यांसाठी प्राझिक्वांटेल देत आले आहेत. शाळेतल्या मुलांची सोनोग्राफी करून गाठी लहान असतानाच शोधल्या जातात. २००९ पासून काही वस्त्यांवर कोकरांना ईजी-९५ ही लसही दिली जाऊ लागली. मेलबर्नच्या मार्शल लाइटोलर्स यांनी न्यूझीलंडच्या सहकाऱ्यांबरोबर ती तयार केली. कुत्र्याला औषध, कोकराला लस आणि म्हाताऱ्या मेंढ्या कळपातून काढणं हे तिन्ही एकत्र चाललं तर दहा वर्षांच्या आत माणसांतला हा रोग संपवता येईल, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भटक्या कुत्र्यांची नसबंदी, लसीकरण आणि जंतनिर्मूलन करून त्यांना परत सोडण्याचा आदेश दिला, तेव्हा सगळी चर्चा चाव्यांवर झाली. जंतनिर्मूलन या शब्दाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. नसबंदी एकदाच करायची असते. जंताचा डोस एकदा देऊन भागत नाही. कुत्रं त्याच दिवशी खाटकामागं परत गेलं तर दीड महिन्यात पहिल्यासारखं होतं. म्हणून फोड टाकण्याची जागा आधी बदलायला हवी. प्रत्येक मटणाच्या दुकानामागं झाकणाचा खोल खड्डा, किंवा एक जुनं पातेलं आणि अर्धा तास उकळी. उकळलेलं काळीज कुत्र्याला खुशाल घालावं, त्यात जिवंत काही उरत नाही. गावच्या यात्रेत, आखाडात, देवाच्या बकऱ्याच्या वेळी घरोघर जनावर कापलं जातं, तिथं डॉक्टर पोचणार नाही. पातेलं पोचू शकतं.

दीड महिन्याचा हिशेब

वाड्यावर चहा झाल्यावर अधिकारी म्हणाले, गोळी वर्षातून निदान चारदा द्यावी, दीड महिन्यानं दिली तर उत्तम. मेंढके हसले. दसऱ्यानंतर वाडा इथं नसणार. घाट उतरून कोकणात, तिथं आज या शेतात, परवा त्या. पशुवैद्यकीय दवाखाना त्यांच्या मागं कुठं फिरणार?

इतका वेळ चुलीपाशी बसून ऐकत असलेल्या त्यांच्या कारभारणीनं विचारलं, "दीड म्हैना म्हंजी तीन पंधरवडे न्हवं का, डाक्टर? मग गोळ्या माज्या हातात द्या. कुत्र्याला भाकर मीच घालते."

आणि तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. पहिली गोळी सर्वपित्रीला. मग कोजागिरी सोडायची, दिवाळीची अवस सोडायची आणि त्रिपुरी पुनवेला दुसरी. तिसरी दत्तजयंतीनंतरच्या अवसेला. चौथी माघी पुनवेला. तोवर वाडा कोकणातच. अधिकाऱ्यांनी दिवस मोजून पाहिले. प्रत्येक खेपेत सुमारे चव्वेचाळीस दिवस येत होते. "चालेल," ते म्हणाले, "चांगलं चालेल." मग तिला एक गोष्ट दोनदा सांगितली: गोळीनं जंत मरतो, अंडी मरत नाहीत. म्हणून गोळी दिल्यावर दोन दिवस कुत्री बांधून ठेवायची आणि त्यांची घाण खोल पुरायची किंवा जाळायची. लेकरांना तेवढे दिवस लांब ठेवायचं.

"बांधून?" मेंढके म्हणाले. "आन लांडगा आला तर?"

त्यावर बराच खल झाला. शेवटी ठरलं ते असं की सगळी कुत्री एका दिवशी बांधायची नाहीत. निम्म्यांना आज गोळी, निम्म्यांना दोन दिवसांनी. वाड्यावर अकरा कुत्री. वीस किलोचं एक धरलं तर दहा किलोला एक या मापानं एका खेपेला २२ गोळ्या, माघापर्यंत ८८. लसीकरणाच्या कार्डामागं अधिकाऱ्यांनी तो आकडा लिहून घेतला आणि खाली चारही तिथ्या लिहिल्या. सर्वपित्रीच्या आधी गोळ्या आणून देतो म्हणाले. वाडा कोकणात असेल तेव्हा तिथल्या कुठल्या दवाखान्याला कळवायचं, त्याची चौकशी त्यांनी तिथूनच फोनवर सुरू केली.